निमंत्रित पैलवानांची दंगल

खामगावात मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, तेव्हा गावातल्या काही प्रतिष्ठित लोकांनी क्षयरोग्यांसाठी वेगळा वॉर्ड बांधायचं मनावर घेतलं आणि त्याच्या मदतीसाठी कुस्त्यांची दंगल ठेवली. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या राज्यात आपल्या हातून काही चांगलं व्हावं असं पुष्कळांना वाटत होतं, मला तर फारच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच होतो.

ही दंगल जत्रेतल्यासारखी नव्हती. ज्यांचं नाव गाजलेलं आहे अशाच पैलवानांना पत्रं पाठवून बोलवायचं, दुसऱ्या कुणी मैदानात उतरायचं नाही, असं ठरलं होतं. कमिटीचे चिटणीस एक वकील होते. वसतिगृहात मला जागा त्यांच्याच चिठ्ठीवर मिळाली होती. माझं अक्षर बरं म्हणून निमंत्रणं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. बाहेरगावच्या मल्लांची पत्रं झाल्यावर म्हणाले, "आता एक तुझ्या भावाला लिही. आपल्या जिल्ह्याचा एक तरी हवा, नाहीतर लोक तिकीट कशाला काढतील?"

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. त्या भागातल्या जत्रांत दोन वर्षं दादाची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. ते पत्र मी टपालात टाकलं नाही. शनिवारी बस धरली आणि स्वतः घेऊन गेलो. तालमीत सगळ्यांसमोर उभं राहून वाचलं. दादाची जोड ज्याच्याशी लावली होती त्या पैलवानाचा फोटो आमच्या तालमीत मारुतीच्या शेजारी टांगलेला होता.

"त्याच्यासंग? मले?" दादा म्हणाला. "अजून एकडाव वाच बरं."

मी पुन्हा वाचलं.

"पोट्ट्याचा घसा कोरडा पडून राह्यला, त्याले पाणी द्या," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. वस्ताद मात्र हसले नाहीत. ते दादाला म्हणाले, "जितशीन असं मी म्हणत नाही. पण त्याच्यापुढं दहा मिनिटं उभा राह्यला, तरी तुले समजंल तू काय हाये ते."

दादाला तेवढंच हवं होतं. पुढचे दोन महिने त्याने दुसरं काही बोलणं काढलं नाही.

इथे कुस्तीतली, आमच्या तालमीत कडक पाळली जाणारी एक रीत सांगायला हवी. कुस्ती लागण्याआधी दोघांनी मूठभर माती एकमेकांच्या हातात द्यायची आणि ती अंगाला लावायची. माती घेतली की कुस्ती खरी. मग दमलो, दुखलं, पाय घसरला, असलं काही ऐकून घेत नसत. नुसता सराव असेल तर माती देत नसत. वस्ताद नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. डाव नंतर.

दंगलीआधीचे आठ दिवस आम्ही कॉलेजची मुलं माती चाळत होतो. कापसाच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत आखाडा केला होता. त्या मातीत तेल, हळद आणि ताक कालवायचं होतं. ताक लोकांकडून येत होतं. धामणगाव बढ्याहून एक म्हातारी मडकं मांडीवर घेऊन बसने आली. तिचा मुलगा क्षयानेच गेला होता. तिने मडकं स्वतःच्या हाताने मातीत रितं केलं आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मला त्या कामाचा अभिमान वाटत होता. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं सांगताना तो अभिमान मला खोटा ठरवायचा नाही.

आदल्या दिवशी दुपारी पाहुण्या पैलवानांना एका तेलगिरणीच्या मालकाकडे जेवण होतं. मी वाढायला होतो. इतकं खाणं मी एका ठिकाणी कधी पाहिलं नव्हतं. मटणाच्या रश्श्यावर तुपाचा थर होता, परातीत सोललेले बदाम होते, आणि हाडं तिथेच गालिच्यावर टाकली जात होती. एकाने रश्श्याचे हात लोडाला पुसले. यजमान हसून म्हणाले, "पुसा, पुसा, तुमचंच घर आहे." जेवता जेवता वकिलांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. कोणती कुस्ती किती वेळ चालायची, कोण पडायचं, कोणती बरोबरीत सोडवायची. मला आधी वाटलं ते अंदाज सांगत आहेत. मी ताटात भात वाढत राहिलो.

"देखो वकीलसाब," फोटोतला पैलवान बोट चाटत म्हणाला, "मागच्या महिन्यात दोन जागी पडलो. इथं नाही पडणार. इज्जत का सवाल आहे."

"तुम्हाला कोण पाडतंय? तो पोरगा बाराव्या मिनिटाला जाईल."

"बारा? खाऊन-पिऊन बारा मिनिटं नाचायचं? आठ करा."

"आठमध्ये लोकांचं समाधान होणार नाही हो."

मग दहावर ठरलं. कोणी ढेकर दिला, कोणी दुसऱ्याच्या पोटावर थाप मारून म्हणालं, "हाच खरा वॉर्ड, इथंच भरती चालू आहे," आणि सगळे खदखदून हसले. दिवाणखान्याच्या भिंतीवर वॉर्डाचा नकाशा लावला होता. भाताचं पातेलं तसंच धरून मी उभा राहिलो.

वकिलांनी मला ओसरीवर नेलं. "तुझा भाऊ तुझं ऐकेल. दहाव्या मिनिटाला पाठ टेकायची, पण घासून झाली असं दिसलं पाहिजे. यात वाईट काही नाही. दवाखान्याचं काम आहे, पुण्यच लागेल. सांगशील ना?"

मी "हो" म्हणालो. विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं आहे. वेळ होता. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.

दादा धर्मशाळेत उतरला होता. मी गेलो तेव्हा तो अंगाला तेल चोळत होता. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"त्याले माईत हाये हे?" त्याने विचारलं.

"हाव. त्यानंच दहा मिनिटं ठरवली."

दादाचा हात थांबला. "अन् वस्ताद दहाच म्हणत होते," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "तू काय म्हटलं वकिलाले?"

"हो म्हटलं."

त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "पाठ चोळून दे," एवढंच म्हणाला. मी चोळून दिली. तो काय करणार आहे हे मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. तो कबूल झाला असं मी धरून चाललो. त्यामुळे मला हलकंही वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या गावची माणसं बैलगाड्यांनी, बसने आली होती. वस्तादांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मी मंचावर, भोंग्याच्या माईकजवळ देणगीदारांची यादी घेऊन बसलो होतो. पहिल्या तीन कुस्त्या कागदाप्रमाणे झाल्या. लोक उठून टाळ्या वाजवत होते, आणि मला प्रत्येक डावाचा शेवट आधीच ठाऊक होता. माणसं मोठमोठ्याने हुंकारत खोटं पडत होती, आणि त्या मातीत त्या म्हातारीचं ताक होतं.

दादाचं नाव पुकारलं. डफडं वाजायला लागलं. तो आखाड्यात उतरला, वाकून मातीला हात लावून तो कपाळाला लावला. समोरच्याने सवयीने खाली वाकून मूठभर माती उचलली आणि हात पुढे केला.

दादाने ती घेतली नाही. हात जोडले, मागे वळला आणि बाहेर निघाला.

क्षणभर डफडंसुद्धा थांबलं. मग एकदम आरडाओरडा सुरू झाला.

"भेदरला बे!"

"अबे पहेलवान, चड्डी पाह्य, ओली झाली काय?"

"घरी जाऊन मायच्या मांगं लपजो!"

एक चप्पल आली, ती त्याच्या खांद्याला लागली. त्याने वर पाहिलं नाही. आमच्या गावच्या माणसांत बसलेले वस्ताद खाली बघत होते.

वकिलांनी माईक ओढला. "आपल्या जिल्ह्याच्या मल्लाने मोठ्या मल्लापुढे हार मान्य केलेली आहे. त्याच्या नम्रतेचं कौतुक करू या." मग माईकवर हात ठेवून मला म्हणाले, "नावं वाच. लवकर. लोक उठतील."

माईक माझ्यासमोर आला. दोन वाक्यं पुरली असती. मैदानातल्या प्रत्येक माणसाला ती ऐकू गेली असती, आणि दादा अजून दोरीच्या आतच होता. मी यादी उघडली आणि देणगीदारांची नावं वाचली. स्वच्छ, खणखणीत आवाजात, पत्त्यांसकट वाचली. दादा गर्दीतून वाट काढत गेला तोवर मी दुसऱ्या पानावर होतो.

तो वॉर्ड बांधला गेला. तिथे माणसं बरी झाली, हे मी नाकारत नाही. पण त्या जेवणाची आणि दंगलीची किळस त्यामुळे कमी होत नाही. उलट, ही दोन्ही मनात एकत्र कुठे ठेवावीत हेच कळत नाही.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. घरी न जाता आधी तालमीत गेलो. दादा त्या दिवसानंतर तिकडे फिरकला नव्हता. मी वस्तादांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. जेवण, कागद, दहा मिनिटं, माझं हो म्हणणं. मुलं भोवती जमली.

"मंग त्या दिशी काऊन नाही बोल्ला?" एकाने विचारलं. "भोंगा तं तुह्याच तोंडापुढं होता. नावं कशी बिनचूक वाचली."

वस्तादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या रे," ते मुलांना म्हणाले, "भावाची इज्जत झाकून राह्यला पोरगा. भाऊ म्हणून चांगलंच करून राह्यला."

"वस्ताद, खरं सांगून राह्यलो मी."

"हाव, हाव." त्यांचा आवाज मऊ होता. आजारी माणसाशी बोलतात तसा. "दादाले सांगजो, येत जाय म्हणा. लहान पोट्ट्यायले डाव शिकव म्हणा. कुस्ती धरा लागत नाही आता."

घरी आलो तेव्हा दादा गोठ्यात बैलाची गोचीड काढत होता. मी तालमीतून आलो हे त्याने ओळखलं.

"काय म्हणे वस्ताद?"

मी त्यांचा निरोप सांगितला, शब्द न बदलता. माझं त्यांना खरं वाटलं नाही, हेही सांगितलं.

तो बैलाच्या कानामागे हात फिरवत राहिला. "पोट्ट्यायले शिकव म्हणे?"

"हाव."

"सकाळी जाईन मंग," तो म्हणाला. आणि गेला. तेव्हा त्याला चोविसावं वर्ष लागलं होतं. त्यानंतर तो रोज पहाटे तालमीत कडेला उभा राहून मुलांना डाव सांगायचा, पण स्वतः लंगोट लावून कधी खाली उतरला नाही.