चर्चमधली बसू न देणारी फळी

आपल्या मासिकात भुताखेतांचे अनुभव छापून येऊ लागले तेव्हा पहिल्यांदा मला संताप आला होता. पिंपळावरची हडळ, विहिरीतली बाई... शिकलीसवरली माणसं हे लिहितात आणि खाली आपलं नाव घालतात! मी शाळेत मुलींना शिकवते. अंगात येणाऱ्या बायकांना मी तोंडावर 'पाणी प्या आणि घरी जा' म्हणते. आजही माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी हे लिहिते आहे, कारण हे मी भर दिवसा, डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ज्याच्यावर रागवायचं तो माणूस आता राहिला नाही.

आम्ही मूळचे देवासचे, तिथल्या दोन गाद्यांपैकी धाकट्या पातीच्या संस्थानातले. माझे वडील — आबा — सागवानावर नक्षी कोरणारे सुतार. काम मिळेल तिकडं बिऱ्हाड न्यायचं, तसे आम्ही धारला आलो. गावाबाहेर मिशनच्या आवारात नवं चर्च बांधायचं चाललं होतं. तिथल्या पाद्रीसाहेबांनी विलायतेतल्या आपल्या खेड्यातलं सहाशे-सातशे वर्षांचं चर्च कागदावर हातानं काढून आणलं होतं आणि हुबेहूब तसंच त्यांना इथं माळव्यात हवं होतं! टोकदार कमानी, दाराशी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, वेदी आणि लोकांच्या मध्ये उंच लाकडी जाळी. आणि जाळीच्या आत, गाणाऱ्या मंडळींसाठी दोन्ही बाजूंना दुमडत्या बैठकांची ओळ.

त्या बैठकांबद्दल सांगायला हवं. पूर्वी म्हणे त्यांच्याकडं प्रार्थना तासन्‌तास उभ्यानं चालायची. म्हाताऱ्या पाद्र्यांचे पाय भरून यायचे. म्हणून बसायची फळी मागं बिजागरीवर वर दुमडायची, आणि दुमडली की तिच्या खालच्या अंगाला एक छोटी कड पुढं यायची. उभ्याउभ्या तिच्यावर हळूच बूड टेकवायचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं माणूस उभाच आहे! त्या कडेच्या खाली सुतार मनाला येईल ते कोरायचे. कोल्हा, मासोळी, नवऱ्याला लाटण्यानं झोडपणारी बायको... फळी खाली पाडली की ते सगळं झाकलं जायचं, म्हणून कुणी हरकत घ्यायचं नाही.

मी तेव्हा विशीची. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आईनं आबांशी आणि सगळ्या भाऊबंदांशी भांडून मला मिशनच्या शाळेत घातलं होतं. "हिच्या नशिबात चूल आहेच, पाटी पण असू दे," म्हणाली होती. आज हे लिहिते आहे ते तिच्यामुळं.

मग प्लेग आला. गाव रिकामं झालं. आम्हीही शेतात झोपडी घातली. तिथं आईला ताप भरला, काखेत गाठ आली. आबांना दवाखान्यातून कंपाउंडरला आणायचं होतं, एवढंच. पण नाताळपर्यंत ती लाकडी जाळी उभी करायची होती. "आज तेवढी चौकट बसवतो, येताना त्याला घेऊनच येतो," म्हणाले आणि गेले. संध्याकाळी एकटेच आले. कंपाउंडर घरी गेला होता म्हणे! दुसऱ्या दिवशी परत तेच. आई माझा हात धरून विचारत होती, "आले का ग ते?" मी नाही म्हणत होते. कंपाउंडर आला असता तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. प्लेगात कोण वाचत होतं? पण ती दोन दिवस वाट बघत राहिली आणि हा माणूस विलायतेतल्या जाळीला चुका ठोकत राहिला.

दिवसवार झाले, आबा पुन्हा कामावर. घरी माझ्याशी बोलत नसत, मीही बोलत नव्हते. पुढं एकदा दुपारी भाकरी घेऊन चर्चमध्ये गेले, तर आबा बैठकांना तेल पाजत होते. सगळ्या फळ्या वर दुमडलेल्या. एकीखाली द्राक्षाचा वेल, एकीखाली मोर. आणि कोपऱ्यातल्या फळीखाली आई.

आईच! हनुवटीवरचं गोंदण, डाव्या भुवईतला तुटका भाग, ओठ किंचित मिटलेले... काही बोलायचं मनात ठेवून ती अशीच बघायची.

"आबा, हे काय केलंत?"

"यमे, कायको ओरडतेस? बाहेर माणसं आहेत."

"असू द्या माणसं! हिच्यावर साहेब लोक बसणार? जन्मभर तुमच्या पायाखाली होती ती पुरली नाही, आता परक्यांच्या बुडाखाली?"

आबांनी तेलाचा बोळा खाली ठेवला. "वर पाद्री सांगेल तेच कोरायचं. क्रूस म्हणाला तर क्रूस. इथंच तेवढा म्हणाला, मिस्तरी, नीचे जो दिल में आए बनाओ. माझ्या दिलात हेच आलं. दुसरीकडं मला कोण तिचा चेहरा कोरू देणार होतं, सांग ना."

"ती होती तेव्हा कुठं होतं तुमचं दिल?"

त्यांनी तेलाचा बोळा परत उचलला. मी खोदून काढा म्हटलं, नाही म्हणाले. भाकरी तिथंच टाकून मी घरी आले.

चर्च उघडलं त्या रविवारी आम्हा शाळेतल्या मुलींना मागं उभं केलं होतं. छावणीतला एक जाडजूड साहेब, आवाज मोठा म्हणून गाणाऱ्यांत घेतलेला, नेमका त्या कोपऱ्यात जाऊन बसला. बसला आणि उठला. परत बसला, परत उठला. तिसऱ्यांदा तर पुस्तकासकट पुढं कोलमडला. मुली तोंडावर पदर धरून हसत होत्या. मी हसले नाही... मला एवढ्या लांबूनही फळी वर येताना दिसली होती. भल्या थोरल्या माणसाला घेऊन!

दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेबांनी आबांना बोलावलं. मला पण नेलं, कारण आबांचं हिंदी आणि साहेबांचं हिंदी एकमेकांना धड समजायचं नाही. आबांनी बिजागऱ्या खोलून दाखवल्या. साधं लोखंड, स्प्रिंग नाही, काही नाही. मग फळीवर गवंड्याचा घडीव दगड ठेवला, तर निमूट खाली राहिली. साहेब स्वतः बसले, तर उठवलं त्यांना. चर्चचा माळी बसला, त्यालाही. दगड चालतो आणि माणूस चालत नाही! साहेब म्हणाले, इकडच्या उन्हानं लाकूड वाकलं असेल. म्हणजे कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

"मैं देखता हूँ," म्हणून आबा बसले.

हे मी दोन हातांवरून पाहिलं आहे. छावणीतल्या साहेबाला जसा झटका बसला होता तसं काही झालं नाही. फळी हळूहळू वर आली. कोपराखाली हात घालून एखाद्याला 'उठा आता' म्हणावं तशी. आबा उठून उभे राहिले. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. फळी मागं जाऊन टेकली, आणि आई आमच्या चौघांकडं बघत राहिली.

साहेबांनी चेहरा रंध्यानं काढायला सांगितलं. आबांनी हत्यारांची पिशवी उचलून त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, दुसरा सुतार बघा. साहेब माणूस वाईट नव्हते. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फळी वरच राहिली. आणि ऐका, त्या कडेला टेकून उभं राहिलं तर काही होत नसे! साहेबांचा गुडघा दुखायचा, तर लांबलचक प्रार्थनेला ते नेमके तिथंच टेकत. ते बघून माझं डोकं आणखी फिरायचं. मेल्यावरही हिनं लोकांना टेकू द्यायचा!

आबा त्यानंतर चर्चच्या दारात कधी गेले नाहीत. पण तिकडून कुणी आलं की विचारायचे, "ती कोपऱ्यातली फळी... बसते का आता?" लोकांना वाटायचं, कारागिराला आपल्या कामाची काळजी. शेवटी हात थरथरायला लागले, अंथरूण धरलं, तेव्हा एका दुपारी मला म्हणाले, "यमे, तू जाऊन बघून ये ना. बघ, बसू देते का." एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

गेले. चर्च रिकामं होतं, माळी तेवढा कुंड घासत होता. मला कोपऱ्याकडं जाताना बघून ओरडला, "बई, वणी पे मत बैठजो! सबके पटकी दे हे." सगळ्यांना आपटते म्हणे.

फळी मी हातानं खाली पाडली आणि बसले.

फळी जागची हलली नाही. मी वाट पाहिली... मग मागं टेकले, दोन्ही पाय वर घेतले. नाही हलली. माळी हातातला काथ्या तसाच धरून बघत राहिला. मी तिथं बसून आईशी खूप भांडले, मनातल्या मनात. मग रडले. बाहेर आले तेव्हा ऊन कललं होतं.

आबा दाराकडं डोळे लावून पडले होते. "बसू देते का ग?"

"मला देते," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. पुढं महिनाभर होते, पण ही गोष्ट पुन्हा विचारली नाही.

एका ओव्हरसियरना मी हे सगळं सांगितलं आहे. त्यांनी लाकूड, उतार, वजन, बरंच काही सांगितलं, आणि दगड का चालतो हे विचारल्यावर टोपी उचलून निघाले. मलाही ते कळलेलं नाही आणि कळेल असं वाटत नाही. आबांना 'हो, देते' एवढंच म्हटलं असतं तर म्हातारा सुखानं गेला असता, असं शेजारपाजारचे मला सुनावतात. म्हटलं असतं. पण दोन दिवस ती "आले का ग ते?" विचारत होती, तेव्हा तिलाही मी खोटं सांगितलं नव्हतं.