सुपरहिरोला ऊन लागलं पाहिजे

अकोल्याच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांनी एकेक करून कंट्रोलर खाली ठेवले, तेव्हा चहासुद्धा यायचा होता.

"पोट्टे बोर होऊन राहिले, मॅडम," विवेक माझ्या कानाशी म्हणाला. विवेक आमच्या अमरावतीच्या छोट्या गेम कंपनीचा मालक आणि प्रोग्रामरही. "आणखी एक पॉवर टाकू. डोळ्यातून लेझर."

मी गेम डिझायनर आहे. म्हणजे मी चित्रं काढत नाही की कोड लिहीत नाही. खेळणाऱ्याला कोणत्या क्षणी काय करता येईल आणि काय नाही, ते मी ठरवते. हा सुपरहिरोचा गेम आम्ही पुण्याच्या एका पब्लिशरसाठी करत होतो. त्यांचा रिव्ह्यू पुढच्या आठवड्यात होता. तिथे नापास झालो तर काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार आणि आमच्या ऑफिसला कुलूप लागणार, हे विवेकने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणून ही प्लेटेस्ट ठेवली. प्लेटेस्ट म्हणजे अनोळखी माणसांच्या हातात गेम द्यायचा आणि आपण तोंड बंद ठेवून बघत बसायचं.

गेम असा होता : गुंडांनी पाण्याचा टँकर पळवला आहे, तो परत आणायचा. सुपरहिरो उडायचा, टँकर उचलायचा, आणून ठेवायचा. संपलं. वेळ मे महिन्यातली दुपार. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्यापैकी एकालाही ते खटकलं नव्हतं, कारण आमच्याकडे मे महिन्यात दुपार अशीच असते. पण वाचवायला माणूसच नसेल तर सुपरहिरोने कोणासाठी धडपडायचं?

एक वैशाली तेवढी अजून खेळत होती. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. पण ती उडतच नव्हती. भिंतीच्या कडेकडेने, झाडाखालून, सावली धरून सुपरहिरोला चालवत होती. प्लेटेस्टमध्ये मध्येच विचारू नये असा नियम आहे. मी विचारलं.

"काहून नाही उडून राहिली वो?"

"भर दुपारी कोण उडते, मॅडम? डोक्याले दुपट्टा तरी बांधला का त्यानं?"

सगळे हसले. मग तिच्या शेजारच्या मैत्रिणीने कंट्रोलर परत उचलला. सावली न सोडता टँकरपर्यंत कोण पोहोचतं, अशी दोघींची पैज लागली. कंटाळलेली पोरं मागे येऊन उभी राहिली.

"ऊन लागलं तुले! आउट!"

"नाही वो, पायच गेला फक्त!"

"पाय गेला म्हणजे गेला. चाल, उठ!"

आम्ही न दिलेला नियम त्यांनी स्वतः तयार केला होता, आणि त्यातच त्यांना मजा येत होती.

परतताना गाडीत विवेक मूर्तिजापूरपर्यंत भांडला. "सुपरहिरोले ऊन लागते म्हटलं तर क्लायंट हसन."

"हसू दे. झोपण्यापेक्षा बरं."

आम्ही सुपरहिरोला ताकदीचं मीटर लावलं. उन्हात उडलं की ते रिकामं होतं, सावलीत हळूहळू भरतं, पाणपोईवर लगेच भरतं. पहिल्या दिवशी तो दर चौकात चक्कर येऊन पडत होता. मग ट्यूनिंग, म्हणजे आकडे थोडे-थोडे हलवून पुन्हा खेळून बघणं. झाडं हलवली, भिंती उंच केल्या. शटरांच्या मागे माणसं बसवली. हिरो पडला की एखादं शटर अर्धं वर जातं आणि आतून आवाज येतो, "ये बाप्पा आत, पाणी पे." तो वाचतो, पण तोवर टँकर पुढे निघून जातो.

रिव्ह्यूला पब्लिशरकडच्या केतकी मॅडम व्हिडिओ कॉलवर होत्या. "सुपरहिरोला ऊन लागतं? लोक चेष्टा करतील हो."

"एकदा खेळून बघा."

टँकर समोर दिसत असताना त्यांचा हिरो पडला. "अरे!" त्या म्हणाल्या. मग, "थांबा, परत एकदा." पुन्हा पडला. "नाही नाही, आता कळलं मला. त्या कडुनिंबाखाली थांबायला हवं होतं." मी माईक बंद केला आणि पाणी प्यायले. आमच्या धंद्यात 'छान आहे' या शब्दांना काही अर्थ नसतो. 'परत एकदा' ऐकू आलं की समजायचं.

काम राहिलं, ऑफिसही राहिलं.

लेझर विवेकने गुपचूप टाकलाच होता. मी तो काढला नाही. फक्त एकदा चालवला की अख्खं मीटर रिकामं होईल, असं केलं. आता पोरं तो शेवटपर्यंत जपून ठेवतात आणि वापरायच्या आधी दहादा विचार करतात. गेममधली सगळ्यात भारी गोष्ट तीच, असं त्यांचं म्हणणं आहे. ती आपली आयडिया होती, असं विवेक सगळ्यांना सांगतो. खरंच आहे ते. ती स्वस्तात मिळू नये, एवढंच मी ठरवलं.