वहिनींचं मोदकपात्र

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. पण गेल्या आठवड्यात मस्कतच्या वादी अदाई भागात जाऊन आलो, आणि आता टाळवत नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष आणि वहिनी, दोघंही आता नाहीत. पण तिथलं त्यांचं भाड्याचं घर मुलीने सोडलं नाही. तिथल्या दोन खोल्यांत तिने आईबाबांच्या संसाराचं छोटंसं संग्रहालय मांडलंय. हारतुरे, शाली काहीच नाही. आम्हा एकट्या राहणाऱ्यांना दर शुक्रवारी आमटी वाढायचा डाव आहे. कोपरापर्यंत कणीक माखलेल्या अध्यक्षांचा फोटो आहे. वहिनी त्यांना म्हणायच्या, "अध्यक्ष मंडळात. इथे पाणी बेताने घाला."

फोटो पाहून हसलो. मग मोदकपात्र दिसलं. शेजारच्या कार्डावर मुलीच्या अक्षरात लिहिलंय, 'आईने मोदक करणं सोडलं. माझा हात बिघडला, म्हणायची.'

हात बिघडला नव्हता. त्या वर्षी गणपतीसाठी वहिनींनी पुण्याहून आंबेमोहोर आणला, धुवून सावलीत वाळवला आणि दळून आणायला माझ्याकडे दिला. मी आधी बरक्याच्या मासळीबाजारात गेलो, सुरमई घ्यायला. गणपती होईपर्यंत मासे बंद, असं सगळ्यांना ऐकवणारा मी! डिकीत पिशवी कलंडली आणि माशाचं पाणी तांदळात शिरलं. तांदूळ फेकले, दुकानातून पिठाचं पाकीट घेतलं आणि वहिनींच्या डब्यात ओतलं.

उकड काढताना त्यांनी विचारलं, "भावजी, पीठ आपलंच ना? चिकटाच नाही."

"तुमचंच. समोर दळून घेतलं."

आरतीनंतर झाकण काढलं, तर झाडून सगळे मोदक फुटलेले.

"वहिनी, हे मोदक की करंज्यांचा अपघात?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही. वहिनी आपल्या बोटांकडे बघत उभ्या होत्या.

"काका, तुम्ही होता ना तेव्हा?" मी कार्डापाशीच उभा असताना मुलीने मागून विचारलं. "एक्झॅक्टली काय झालेलं? आई कधी बोललीच नाही."

"पीठ जुनं असेल," मी म्हणालो. या वयातही तेच.

वहिनी कायमच्या पुण्याला निघाल्या, तेव्हा त्यांना विमानतळावर मीच सोडलं होतं. गाडीत सगळं सांगायचं ठरवलं होतं. उतरताना त्यांनी माझ्या हातात चिवड्याचा डबा ठेवला. "कंटाळा करून उपाशी झोपू नका, भावजी."

"हो," एवढंच म्हणालो.

म्हणायचं होतं ते असं: वहिनी, तुमचा हात चांगला होता. तांदूळ मी नासवला आणि वर खोटं बोललो. मला माफ करा.