पहिल्या घाण्याचं भजं

नव्वदच्या दशकात पाथर्डीच्या स्टँडबाहेर आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, भज्यांचा गाडा होता. पहिल्या घाण्यातलं भजं आधी स्वतः खायचं, मगच गिऱ्हाइकाला द्यायचं, हा त्यांचा नेम. आणि कढईत कालचं उरलेलं तेल, त्यावर आजचं ओतलेलं. "जुन्या तेलाबिगर रंग येत न्हाई," म्हणायचे. म्हणजे पहिला खवट घास रोज यांच्याच पोटात.

एका उन्हाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. नगरच्या दवाखान्यातून वाचून आले आणि जरा बरं वाटताच पुन्हा गाड्यावर हजर. माझा जीव टांगणीला.

मी तेव्हा पुण्यात बायोकेमिस्ट्री शिकत होते. आमच्या लॅबमध्ये रक्तातल्या प्लेटलेट्सवर काम चालायचं. जखम झाली की त्या चिकटून रक्त थांबवतात. उगाच चिकटल्या तर रक्तवाहिनीतच गाठ करतात. तेल हवेनं, उष्णतेनं खराब झालं की त्यात जे निपजतं, त्यातलं काही नळीतल्या गढूळ प्लेटलेट्समध्ये टाकलं की त्या एकमेकींना बिलगायच्या आणि वरचं पाणी निवळायचं. ते निवळताना बघून मला आण्णांची कढई आठवायची.

दिवाळीच्या सुट्टीत आण्णांना सगळं सांगितलं. खोटं कशाला बोला, म्हणून हेही सांगितलं की त्यातले काही पदार्थ उलट प्लेटलेट्सना थंड करतात, चिकटू देत नाहीत. आण्णांनी नेमकं तेवढंच उचललं.

"मंग माझ्या कढईत थंडवालंच आसल. तू लई शिकली, पर भज्यातलं तुला काय कळतंय?"

असा संताप आला म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी गाड्यावर जाऊन उभी राहिले. पहिला घाणा निघाला तसं त्यांच्या आधी मी भजं उचललं. "आजपासून पहिलं मी खाणार. तुमचा नेम मी चालवते."

त्यांनी माझं मनगट धरलं. "ठिव खाली."

"का? थंडवालं आहे ना?"

आण्णांनी स्टोव्ह बंद केला, तो घाणा बाजूला सारला. ऊसतोडीला निघालेला एक गाडीवान चहा पीत होता. तेल निवल्यावर त्याला चाकाच्या वंगणासाठी देऊन टाकलं. कढई राखेनं घासली, नवं तेल ओतलं. पहिलं भजं मोडून अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"रंग न्हाई आला," म्हणाले.

नाहीच आला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी की नव्या तेलानं, कोण जाणे, पण आण्णा पुढं कितीतरी वर्षं त्या गाड्यावर उभे राहिले. मी गेले की पहिलं भजं निम्मं माझं. नंतर माझी लेक बरोबर येऊ लागली, तेव्हा त्या फिक्या भज्याचे ते तीन तुकडे करायला लागले.