आईनं न उघडलेलं दार

तुरी काढून झाल्या होत्या, त्यामुळे आईला जरा सवड होती. मी वाशीमला नोकरीला. त्या रविवारी आसेगावजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. जेवणं झाल्यावर टीव्ही लावला, तर हिंदीत डब केलेला एक इंग्रजी सिनेमा चालू होता. माणसांनी दूरच्या एका ग्रहावर वसाहत केलेली. गोदामासारखी पत्र्याची घरं, बाहेर नुसती राखाडी माती. त्या मातीत काहीतरी जिवंत होतं. श्वासावाटे ते माणसात शिरायचं आणि त्याला आतून पोखरून बाहेर पडायचं. मला असले सिनेमे आवडतात. आई शेजारी तूर पाखडत बसली होती, मधूनच पाहत होती.

बाहेर गेलेला एक जण खोकत परत आला आणि लोखंडी दरवाजा बडवू लागला. आत त्याची सख्खी बहीण. बाकीचे तिला अडवत होते, पण तिनं दार उघडलं. पुढच्या दहा मिनिटांत वसाहतीत एकही माणूस उरला नाही. ते ज्या तऱ्हेनं मेले, ते पाहून मीसुद्धा भिंतीला टेकलो.

आई सुपातून नजर न उचलता म्हणाली, "मी नव्हतं उघडलं."

मला वाटलं, तिचं बोलताना काही चुकलं. मी हसतच विचारलं, कोणतं दार? तिनं सूप खाली ठेवलं.

"माह्या भावाले मी दारातून वापस पाठवलं. लॉकडाउनमंदी."

मी टीव्ही बंद केला.

मामा तेव्हा पुण्यात बांधकामावर होता. काम बंद पडलं तसा तो थोडं चालत, थोडं ट्रकमधून मेडशीला, आपल्या गावी पोचला. गावानं रस्ता अडवलेला. म्हणून तो भर दुपारी बहिणीच्या दारात आला. खोकत होता. घरात माझे वडील, दम्यानं बेजार झालेले. मी वाशीमला अडकलेलो. आईनं आतून कडी लावली आणि खिडकीतून सांगितलं, येऊ नको. मागच्या दारानं जाऊन भाकरी आणि पाणी अंगणाच्या टोकाला ठेवलं. तो निंबाखाली बसून जेवला, ताट धुऊन पालथं घातलं आणि निघून गेला. मेडशीबाहेर कोणाच्या तरी शेतातल्या झोपडीत पंधरा दिवस राहिला. खोकला साधाच निघाला.

वडील पुढच्या वर्षी त्याच साथीत गेले. मामा तेव्हा आला नाही, नंतर पुण्यानुमोदनाच्या विधीलाही आला नाही. शेताच्या हिश्श्यावरून रुसलाय, असं आईनं मला सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं. इतकं खरं, की नंतर एका लग्नात चार लोकांदेखत मी त्याला म्हणालो होतो, "मामा, तुमी मानूसच नाई." तो खाली पाहत जेवत राहिला.

ते मला आठवलं. खोटं काहून सांगितलं, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "मले तुह्यासमोर तोंड दाखवाचं होतं ना."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एसटीनं मेडशीला गेलो. मामा गुरांसाठी सोयाबीनचं कुटार पोत्यात भरत होता. त्यानं बाज टाकली, पाणी आणलं. माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं.

"तिनं सांगतलं कायले तुले? मी तं कोनाले बोललो नव्हतो."

लग्नात तरी सांगायचं होतं, असं मी म्हणालो. तो पोत्याचं तोंड बांधू लागला.

"तुह्या बापाले दमा होता. तिच्या जागी मी असतो तं मीबी कडी लावली असती." गाठ आवळून झाल्यावर तो म्हणाला, "पन त्या दारात आता माहा पाय पडत नाई. तेबी खरं हाय."

मी माफी मागायला गेलो होतो. मागितली की नुसताच बसून राहिलो, ते मला आज नीट आठवत नाही. मामीनं पिठलं केलं होतं, एवढं आठवतं.

मामा अजून आमच्याकडे आलेला नाही. मधे एकदा आई एकटीच, बस बदलत, त्याच्याकडे जाऊन दोन दिवस राहून आली. तिथं काय बोलणं झालं, ते दोघांपैकी कोणी सांगितलं नाही. मीही विचारलेलं नाही.