पाइप मेजर चांगदेव

चांगदेव तरे लष्करात मेजर नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण भिवंडीतलं आमचं अर्धं टेमघर त्यांना मेजर म्हणतं आणि दर सव्वीस जानेवारीला एखादं हौशी मंडळ फलकावर तसं छापतंही. ते हवालदार होते. पलटणीच्या पाइप बँडचे प्रमुख होते, आणि त्या प्रमुखाला फौजेत पाइप मेजर म्हणतात. त्यातला पाइप गाळायचा आणि मेजर तेवढा ठेवायचा, हा आमच्या मंडळांचा प्रामाणिकपणा. चांगदेव दर वेळी जाऊन सांगतात, "अरं, मी हवालदार हाय." पोरं म्हणतात, "राहू द्या ना काका, बरं दिसतं."

पाइप म्हणजे बॅगपाइप. डाव्या बगलेत चामड्याची पिशवी, तोंडात फुंकायची नळी, बोटांखाली आठ भोकांची दुसरी नळी आणि खांद्यावर तीन उभ्या दांड्या. गोऱ्यांनी आणला. गोरे गेले, पाइप राहिला. आपल्या पलटणींनी तो असा काही आपलासा केला की मेरठच्या गल्ल्यांत आज तो बनतो आणि परदेशातसुद्धा जातो. चांगदेव त्र्याहत्तरचे, मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि आमच्या घरांमध्ये एक भिंत. त्यांच्या मुलाला, भावेशला, मी इंग्रजी शिकवलं. म्हणजे प्रयत्न केला. म्हणून त्या घरात मी सगळ्यांचीच 'बाई'.

चोवीस वर्षं नोकरी करून चांगदेव शहाण्णव साली परत आले. फौजेत बूट तुमचे होतात, पाइप होत नाही. शेवटच्या दिवशी तो भांडारात जमा करायचा, सही करायची आणि ट्रंक उचलायची. त्यांच्याकडे उरली ती फक्त सरावाची पिपाणी. ही नुसतीच नळी, पिशवी नाही, दांड्या नाहीत. आवाज असा की बदकाला कोणी चिमटा काढतंय. गेली एकोणतीस वर्षं ते सकाळी अर्धा तास ती वाजवतात आणि मी तेवढा वेळ मिक्सर लावून घेते.

आता मुद्द्याचं. त्यांच्या बायकोने, कमळाबाईंनी, नवऱ्याला पाइप वाजवताना कधीही पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. घरी सासू-सासरे, खाडीकाठची भातशेती, गुरं. क्वार्टर मिळूनही त्या कधी गेल्या नाहीत. राज्यपालांसमोर वाजवलं, परेडला वाजवलं, कुणा कर्नलच्या मुलीच्या लग्नात वाजवलं, हे सगळं पत्रांतून कळायचं. इकडे कमळाबाईंचा भाऊ रघू गावभर सांगायचा, "आमचं भावजी फौजंत वाजंत्री हायेत. बंदूक दुसऱ्याच्या हातात, यांच्या हातात पीपी." आणि घरी आल्यावर जी काही ऐकली ती पिपाणीच. त्यामुळे रघूचं म्हणणं कमळाबाईंना मनातून खरंच वाटत असावं.

रघूला काय माहीत! लढाईत पाइपवाले पाइप खाली ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. चांगदेव शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले होते तेव्हा त्यांनी तेच केलं, गोळ्या चालू असताना. किती जणांना बाहेर काढलं, असं मी एकदा विचारलं. शिक्षिकेची सवय, आकडा हवा असतो. ते म्हणाले, "बाई, जड व्हते सगले."

यंदाच्या मे महिन्यात चांगदेव-कमळाबाईंच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. भावेशची मुलगी निशा गोदामात माल पाठवण्याचं काम बघते, हुकूम सोडायची तिला चांगलीच सवय आहे. तिने ठरवलं, आजी-आजोबांना पुन्हा हळद लावायची, हॉल घ्यायचा, आणि आजोबांनी खरा पाइप वाजवायचा. तिने मेरठहून पाइप मागवला. खोका आला तेव्हा चांगदेवांनी तो उघडायच्या आधी हात धुतले आणि नंतर बराच वेळ नुसते दांड्यांवरून बोटं फिरवत बसले.

"वाजवा की," मी म्हटलं. मला असली शांतता सोसत नाही.

"न्हाय बाई. आधी चामडं मुरायला पायजे. दोन दिस जाऊ द्या."

पिशवीला आतून मध आणि ग्लिसरीनचा लेप द्यायचा असतो. तोच शिवणीतून हवा निसटू देत नाही. त्यांनी लेप दिला आणि पिशवी कोनाड्यात टांगली. दुसऱ्या दिवशी ते डोळे तपासायला गेले असताना कमळाबाईंना कोनाड्यातून वास आला. शेजारीच देव. त्यांनी दांड्या नीट काढून फळीवर ठेवल्या, पिशवी गरम पाण्यात साबणाचा चुरा टाकून खळखळून धुतली, आणि मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातली.

संध्याकाळी चांगदेवांच्या हातात आलं ते चामडं नव्हतं, पापड होता. वाकवला तर मोडला.

मी आवाज ऐकून गेले. म्हणजे आवाज नव्हताच, म्हणून गेले.

"मरेल ढोराचा कातडा देवाच्या बाजूला टांगला व्हता," कमळाबाई म्हणाल्या. "वास मारत व्हता. धुतला. माजा काय चुकला?"

"काय न्हाय चुकला," चांगदेव म्हणाले.

"मंग तोंड असा का केलाव?"

"तोंड माजा असाच हाय, पन्नास वर्षं."

निशा मात्र कपाळावर हात मारून बसली. मेरठहून नवी पिशवी यायची तर कार्यक्रम उलटून जाणार. सोळा दिवस उरले होते. "राहू दे गं," चांगदेव तिला म्हणाले, "डीजे हाय ना." कमळाबाई स्वयंपाकघरात गेल्या. भांडी जरा जास्तच वाजली. मी त्यांना ओळखते. ती भांडी स्वतःवर वाजत होती.

मला हे "राहू दे" अजिबात पटत नाही. अहो, भिवंडीत राहता आणि चामड्याला रडता? इथल्या जुन्या पॉवरलूमच्या कितीतरी भागांना जनावराचं कातडं लागायचं. आडवं सूत नेणारा धोटा या टोकापासून त्या टोकाला फेकणारा जो ठोकळा असतो, तो पिकर म्हशीच्या चामड्याचा. वर चामड्याचे पट्टे वेगळेच. सकाळी मी चांगदेवांना रिक्षात घातलं आणि नारपोलीला नेलं. बरोबर जाणं भागच होतं. खांद्यावरच्या दांड्या चोवीस वर्षं डाव्या कानाशी गरजल्यामुळे त्यांचा तो कान गेलेला आहे. रिक्षावाला एक विचारतो, हे दुसरं सांगतात.

तिथे लूमचं चामडी सामान शिवणारे लतीफ मियाँ बसतात. सत्तरीचे, हाताचे अंगठे पाटासारखे रुंद. नव्या लूमना चामडं लागत नाही, त्यामुळे हल्ली ते बरेचदा मोकळेच असतात. त्यांनी तो पापड उलटसुलट करून पाहिला.

"किसने मारा इसको?"

"घरवाली ने धोया," चांगदेव म्हणाले.

"साबुन से?"

"साबुन से. गरम पानी से."

लतीफ मियाँनी पापड खाली ठेवला. "शुकर करो भाई, इस्त्री नहीं किया."

दोघे म्हातारे इतके हसले की शेजारच्या कारखान्यातला एक जण बघायला आला. मग कामाला लागले. लतीफ मियाँनी बकऱ्याचं मऊ चामडं काढलं, जुन्या पिशवीवरून माप घेतलं, मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी शिवण घालायला सुरुवात केली. चांगदेव मध्ये मध्ये बोट ठेवून दाखवत होते, इथे दांडी येते, इथे फुंकायची नळी. "हवालदार साब, आप हवा की फिकर मत करो," लतीफ मियाँ म्हणाले, "हमारी सिलाई से हवा निकलने से पहले परमिशन लेगी." तिसऱ्या दिवशी पिशवी तयार झाली. चांगदेवांनी फुगवली, बूच लावलं, आम्ही दोन चहा प्यायलो, पिशवी तशीच टम्म. मजुरी विचारली तर लतीफ मियाँ म्हणाले, "सुनाने ले आओ, बस."

पिशवी टिकली, पण दम कुठून आणणार? त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांना पाइप धड एक मिनिट वाजवता येईना. निशाच्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत ते सरावाला उभे राहायचे. पहिल्या दिवशी कुत्री आली, दुसऱ्या दिवशी कुत्री आणि पहारेकरी. इथे कमळाबाईंनी सूत्रं हातात घेतली, अर्थात चूक कबूल न करता. निशाने हॉलसाठी फुग्यांची पाकिटं आणली होती आणि पंपही. कमळाबाईंनी पंप कपाटात टाकून कुलूप लावलं.

"सगले फुगे तोंडानं फुगवायचे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सकाली नि सांजी. फुटले तर परत."

"हा काय हुकूम?"

"मेजर हाव ना? मंग."

घरात फुगेच फुगे. दारातून आत जायला जागा नाही, मला दोनदा चप्पल सापडली नाही. फुगे सुटत, निशा नवे आणी, चांगदेव फुगवत. पण दहा दिवसांत चांगदेव धड एक अख्खी चाल वाजवू लागले. कमळाबाईंनी मात्र गोदामामागे यायला साफ नकार दिला. "मी काय कुत्रा हाय तिकडं यायला? लोकांम्होरं वाजवतील तवा बघीन. न्हाय जमला, तर रघ्याचं तोंड कसं बंद करायचा ते मना ठावं हाय." तेव्हा मला कळलं की कमळाबाई घाबरलेल्या आहेत. नवऱ्याचं हसं होईल म्हणून.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. बायकांनी दोघांना हळदीने पिवळंधमक केलं, डीजेवर सगळी पोरं नाचली, लतीफ मियाँ पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात पहिल्या रांगेत बसले. निशाने डीजे बंद करायला लावला. चांगदेव हळदीच्याच अंगाने पाइप घेऊन मध्ये आले. त्यांनी पिशवीवर थाप मारली, आणि तिन्ही दांड्या एकदम घरघरल्या.

"काय गो, म्हस याली काय?" रघू मागून ओरडला. हॉल हसला.

कमळाबाई खुर्चीतून वळल्या. "रघ्या! तुज्या वरातीत घोड्यानं तुना गटारात टाकला, तवा कोन हसला व्हता रं? आमी कुनी हसलो? गप रव्ह!"

हॉल अजून जोरात हसला, पण आता रघूवर. तेवढ्यात चाल सुरू झाली.

मला संगीतातलं कळत नाही, कळत असल्याचं सोंगही करत नाही. पण तो आवाज कानाने नुसता ऐकायचा नसतो, तो छातीत घुसतो. टेबलावरची स्टीलची ताटं बारीक थरथरत होती. संथ चाल होती, परेडवरची, आणि चांगदेव तिच्या तालावर पाऊल टाकत होते. बँकेच्या रांगेत गुडघे दुखतात म्हणून माझ्या पुढे घुसणारा माणूस हाच, यावर माझा विश्वास बसेना. लतीफ मियाँचं लक्ष फक्त शिवणीवर होतं. मी कमळाबाईंकडे पाहिलं. कुणाला तरी लावायला घेतलेली हळद तशीच हातात, आणि हात हवेत.

चाल संपली. टाळ्या, शिट्ट्या. चांगदेव धापा टाकत बायकोसमोर उभे राहिले.

"यवरं भारी वाजवत व्हते तुमी?"

"काय?" त्यांनी उजवा कान पुढे केला.

"यवरं! यवरं वाजवत व्हते नि मना सांगला न्हाय?"

"लिवलं व्हतं की. पत्रात."

"पत्रात आवाज येतं काय?"

चांगदेवांनी पाइप खाली घेतला.

"परत वाजवा," कमळाबाई म्हणाल्या.

"दम न्हाय आता."

"पानी प्या. बसा जरा. मंग वाजवा. मना घाई न्हाय."

त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. पोरं जेवायला निघाली तर त्यांना दरडावून खाली बसवलं. लतीफ मियाँनी पुढे होऊन पिशवीची शिवण चाचपली आणि मान डोलावली. चांगदेव उठले, पिशवी बगलेत धरली, तीच चाल पुन्हा लावली. कमळाबाई पदर खोचून उठल्या आणि त्यांच्या उजव्या बाजूने चालू लागल्या. संथ चालीचा एक फायदा असतो, दुखऱ्या गुडघ्यांनाही ती जमते. पाऊल चुकलं की त्या थांबायच्या, नवऱ्याच्या पायाकडे बघायच्या आणि पुन्हा जुळवून घ्यायच्या. हॉलला त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला चांगदेवांचा श्वास संपला, पाइप कण्हत बंद पडला. कमळाबाई आपल्याच तंद्रीत चार पावलं पुढे चालत गेल्या.