बाळंतिणीची मुशी

लेक बाळंतपणाला समुद्रापासून दूर, हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरमध्ये आली, ती समुद्र डोक्यात घेऊनच. विशाखापट्टणमच्या बंदरावर उतरणाऱ्या मासळीतल्या मुशा, म्हणजे लहान शार्क, तपासायचं तिचं काम. त्यातली किनाऱ्यालगतची, पंखांची टोकं काळी असलेली एकच जात तिला हवी होती. जगाच्या यादीत तिच्या नावापुढे 'अतिसंकटग्रस्त, कदाचित नामशेष' असं लिहिलंय म्हणे. मी म्हणायची, जी नाहीच, तिच्यावर एवढा जीव कशाला टाकायचा?

आता माझाच जीव टांगणीला लागला होता. लेकीला दूध उतरेना. हळीव झाले, डिंकाचे लाडू झाले. वरचं दूध नात उलटून टाकायची. डॉक्टर म्हणाले, वजन घटतंय.

शेजारच्या तेलुगू आक्का म्हणाल्या, आमच्यात बाळंतिणीला मुशीच देतात, त्यानं पान्हा फुटतो. त्यांचा भाऊ रेल्वेत. त्यानं विशाखापट्टणमहून बर्फात घालून एक आणली. बाळंतिणीनं माशाचं डोकं बघू नये असा त्यांच्या घरचा रिवाज, म्हणून आक्का ती साफ करूनच घेऊन आल्या.

लेकीनं कातडीवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आक्का, इसके पंख किधर हैं? नोक काली थी क्या?"

"थी शायद. कचरे में डाल दिए."

डोक्याला फडकं बांधलेली माझी ओली बाळंतीण तशीच बाहेर धावली. "अवं, कावून धावून राहिली? वारा लागन ना तुले!" मी मागून ओरडले. कचऱ्यापाशी कुत्री होती. काही उरलं नव्हतं.

परत येऊन तिनं नखाएवढा तुकडा तपासणीसाठी मिठात घालून ठेवला.

"तेच असन का वो?" मी विचारलं.

"कापल्यावर कसं सांगू, आई?" मग ती आक्कांकडे वळली. "पेट में बच्चे थे?"

आक्का खाली बघत म्हणाल्या, "दो थे, बेटा."

आत पोर पुन्हा रडायला लागली. ही आता भांडं भिरकावते की काय, अशी मला धास्ती पडली.

"शिजव, आई," ती म्हणाली. "यानं दूध येत नाही, मले माहीत आहे. तरी शिजव."

आक्कांनी लसूण-हळद घालून परतलं. लेक घाईघाईनं खात राहिली, डोळेही पुसत नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र दारात उभी राहून विनवत होते, देवा, ही मुशी ती नसू दे.